यमुनाआक्काचं ताट

यानिनाबाईंनी बारामती पाहिलेली नाही. इंदापूरही नाही. नीरा नदीचं नाव त्यांना ठाऊक आहे, पण ती कुठे आहे असं विचारलं तर त्या मेलबर्नमधल्या आपल्या खिडकीतून बाहेर बघतात. तरीही त्यांच्या लहानपणाचा पुरावा शोधायला मी ऐन पितृपंधरवड्यात बारामतीची गाडी धरली. याला दोन कारणं होती. एक गूळ, दुसरं माझी भाची.

भाची मेलबर्नला राहते. तिच्या शेजारी एवा नावाची बाई राहते, आणि यानिनाबाई या एवाच्या आई. वय नव्वदीच्या घरात. एवा आईच्या लहानपणाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचं पुस्तक करत होती आणि त्यातल्या एका भागासाठी तिला महाराष्ट्रात चौकशी करणारं कुणीतरी हवं होतं. भाचीने तिला सांगितलं की माझी मावशी पुण्यात असते, शाळेत गणित शिकवायची, आता रिकामीच असते. यातलं शेवटचं वाक्य मला नंतर कळलं. तोवर मी होकार देऊन बसले होते.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या असंख्य कुटुंबांना रशियाने घराबाहेर काढून सैबेरियाच्या बाजूला नेऊन टाकलं. त्यातले जगले-वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यातली काही हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं तिथे होतं. युद्ध संपल्यावर त्यांचा देश त्यांना परत जाण्याजोगा राहिला नव्हता. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी कॅनडाला, कुणी ऑस्ट्रेलियाला. ती मुलं आता पिकली आहेत आणि त्यांची मुलं त्यांच्या आठवणी जमवायच्या मागे लागली आहेत, कारण आता घाई आहे.

यानिनाबाईंच्या ध्वनिमुद्रणात सैबेरियाची थंडी होती, आगगाडीत गेलेला धाकटा भाऊ होता, इराणात मिळालेलं पहिलं उकडलेलं अंडं होतं. ते सगळं इतरांच्या आठवणींशी जुळत होतं. न जुळणारा भाग एकच. वळिवड्याला असताना त्यांची आई छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडली, थोरली बहीण शाळेत आणि कवायतीत गुंतली, आणि नऊ वर्षांची यानिना कुंपणातून बाहेर पडून शेजारच्या उसाच्या रानातल्या गुऱ्हाळावर जाऊन राहिली. तिथल्या गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या बायकोने तिला ठेवून घेतलं. तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तेल घातलं, चुलाणाच्या उबेला चिपाडांवर झोपवलं. चांगला अख्खा हंगाम. त्या बाईला ती 'आई' म्हणायची. पाटाच्या कडेला शेपू उगवलेली दिसली तेव्हा तिने ती उपटून आणली आणि आपल्या देशात ती उकडलेल्या बटाट्यावर कशी घालतात ते या आईला करून दाखवलं. हे ऐकताना मी पुण्यात माझ्या खुर्चीत बसून तोंड वाकडं केलं होतं. शेपूच्या वासाने मी लग्नघरातून उठून आलेली बाई आहे.

छावणीतल्या इतर म्हाताऱ्यांनी ही गोष्ट साफ उडवून लावली. मुलांची रोज हजेरी होत असे, एखादी पोरगी हंगामभर बाहेर राहणं शक्यच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. थोरली बहीण तर मरेपर्यंत सांगत होती की यानिनाला गोष्टी रचायची खोड आहे. एवाची अडचण अशी की हे पुस्तक घरापुरतं नव्हतं. ते वळिवड्याच्या मुलांच्या आठवणींच्या संग्रहात जाणार होतं, आणि ज्याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही तो मजकूर तिथे घ्यायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. गुऱ्हाळाचा भाग गाळावा लागेल हे तिने आईला सांगूनही टाकलं होतं. त्यावर ध्वनिमुद्रणात यानिनाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की बाकीचं सगळं सगळ्यांचंच आहे, हे एवढंच माझं आहे. मी आयुष्यभर शाळेत मुलींकडे सिद्धता मागत आले. ते वाक्य ऐकल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं की सिद्धता मागणं हा थोडा दुष्टपणाही असतो.

माझ्या हाती धागे दोन. तो गुळवा कोल्हापूरचा नव्हता, इंदापूरकडचा होता, आणि उसाचा रस आटवायच्या काहिलीपाशी उभा राहून नीरेच्या पाण्याची तारीफ करत असे. शिवाय त्याला यानिनापेक्षा थोडा लहान मुलगा होता, जो तिच्याशी बोलत नसे, नुसता बघत बसे.

बारामती

बारामतीचे रस्ते असे आहेत की पुण्याच्या माणसाला चिडायला कारण मिळत नाही. पहिला अर्धा दिवस मी थोडी हरवल्यासारखी झाले होते. रस्त्याच्या कडेची झाडं एका ओळीत, दुभाजकावर फुलं, आणि रिक्षावाला 'तिकडे नाही येत' म्हणाला नाही. जेवायला खानावळीत गेले तर बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा. ठेचा मागितला नव्हता. तो मागावा लागत नाही, असं वाढणाऱ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गूळबाजारात गेले. तिथे एका अडत्याच्या पेढीवर बसून मी माझी कथा सांगितली. अडते बाबूराव साठीचे, कपाळावर चष्मा ढकललेले. त्यांनी पोलंड, सैबेरिया, इराण हे सगळं कानाआड टाकलं आणि एकाच गोष्टीवर अडून बसले. आमच्या भागातला गुळवा कोल्हापूरला गेलाच कसा? गुळवे तिकडून इकडे येतात, इकडून तिकडे कुणी जात नाही.

"कोल्हापूरला जाऊन गूळ करायचा म्हंजी म्हशीला पवायला शिकवायचं," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी मला एका ढेपेचा तुकडा मोडून दिला. मग म्हणाले की तेच तर बरं आहे. असा उलटा गेलेला माणूस लोकांच्या ध्यानात राहतो. त्यांनी दोन-तीन जुन्या जाणत्यांना फोन लावले. प्रत्येक फोनवर आधी पावसाची, मग उसाची, मग गुडघ्यांची चौकशी झाली आणि शेवटी माझं काम निघालं. दुपारपर्यंत दोन नावं हाती आली. एक घर शेळगावला, एक निरवांगीला. आमच्याकडे अशा कामासाठी तीन अर्ज लागले असते, आणि गूळ तर कुणीच दिला नसता.

शेळगाव

शेळगावला मी चूक केली. कुणाच्या कामाने आलात असं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की पोलंडच्या एका बाईंचं काम आहे.

पोपटराव हे त्या घराचे कर्ते. त्यांनी लगेच खुर्ची मागवली, चहा सांगितला आणि मला डाळिंबाच्या बागेत नेलं. प्रत्येक झाडापाशी थांबून त्यांनी मला फळ दाखवलं. मी 'छान आहे' म्हणत राहिले. चौथ्या ओळीपाशी त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "पोलंडला डाळिंबाला काय रेट हाय सध्या?"

मला माहीत नाही असं मी म्हणाले. ही सौदा करण्याची माझी पद्धत आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसू लागला. मग मी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. आजोबा गुळवे होते हे खरं, पण फलटणच्या पुढे गेले नव्हते, असं सांगून मला पुन्हा चहा दिला. निघताना एक भरलेली पेटी आणून ठेवली. त्या बाई नव्वदीच्या असल्या तरी त्यांच्या घरात कुणी व्यापारात असेलच, त्यांना सँपल दाखवा, असं म्हणाले. मी नको नको म्हणत असताना पेटी पिकअपमध्ये चढली आणि तिच्या मागोमाग मलाही चढवलं. पोपटरावांच्या भावाला खत आणायला तिकडेच जायचं होतं, म्हणून तो मला निरवांगीला सोडून गेला. वाटेत दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्येच कालवा, आणि माझ्या मांडीवर पोलंडला निघालेली डाळिंबं. मला मनापासून कंटाळा आला होता. उद्या परत जावं, एवाला कळवावं, संपवावं, असं मी ठरवत होते.

निरवांगी

निरवांगीत 'गुळव्याच्या तात्यांचं घर' विचारलं की लहान पोरही बोट दाखवतं, पण त्या घरात आता कुणी गूळ करत नाही. ऊस साखर कारखान्याला जातो. तात्यांचे चिरंजीव संपतराव लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला जातात आणि उरलेल्या वेळात शेती बघतात. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या, म्हणून त्यांनी सुट्टी टाकली होती. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि तात्या रानातून येतायत, बसा, असं सांगितलं.

पडवीत संपतरावांच्या पत्नी शालनताई उद्याच्या म्हाळाची, म्हणजे पितरांच्या जेवणाची, भाजी निवडत बसल्या होत्या. गवार, भेंडी, कारली, भोपळा. आमच्याकडे पितरांचं जेवण डब्यातून येतं, बाराच्या आत, आणि डबेवाल्याला उशीर झाला तर पितरांना थांबावं लागतं. इथे पहाटेपासून राबणूक असते. मी कौतुकाने बघत होते तेवढ्यात तो वास आला. त्यांच्यामागे परडीत शेपूची मोठी जुडी होती.

गौरीला शेपू करतात हे मला माहीत होतं. म्हाळाला नाही. मी सहज विचारलं, खरं तर परडी थोडी लांब सरकवतील या आशेने.

"यमुनाआत्यांसाठी," शालनताई म्हणाल्या. "त्यांचं ताट न्यारं आसतं. उकडल्याला बटाटा, वर शेपू, आन् गुळाचा खडा."

मी म्हणाले, यमुनाआत्या कोण?

तात्यांची बहीण, लहानपणीच गेली, असं त्यांनी सांगितलं. कुठे आणि कधी गेली ते ठाऊक नाही. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला करतात, तसं तिचंही करायचं. शालनताई या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे ताट त्याच वाढतात. सासूबाईंनी शिकवलं, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. इतकं बोलून त्या पुन्हा गवारीच्या शिरा काढू लागल्या. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मी डाळिंबाच्या पेटीवर बसले.

तात्या आले. पंचाऐंशीच्या पुढचे, बारीक, ताठ, पायात वहाणा आणि हातात विळा. मी कोण, कुठली, हे विचारायच्या आधी त्यांनी मला पाणी मिळालं का ते विचारलं. मी यमुनाआत्यांबद्दल विचारलं तेव्हा ते खाली बसले.

"सख्खी न्हवं ती," ते म्हणाले. "गोरी हुती. वळिवड्याची."

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांच्या वडिलांचं भावकीत बिनसलं आणि ते रागाच्या भरात बायकापोरं घेऊन कोल्हापूरच्या बाजूला गेले. तिकडच्या लोकांना ते गूळ शिकवणार होते. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी कामाला बोलवायला लागले. छावणीतली पोरं काकवी चाटायला गुऱ्हाळावर यायची आणि चाटून परत जायची. एक पोरगी गेली नाही. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आईने तिला यमुना म्हणायला सुरुवात केली; तात्यांची ती यमुनाआक्का. आईला मुलगी नव्हती.

मी गणिताची शिक्षिका. आनंदाने नाचावं अशी वेळ होती, तरी मी आधी हजेरीचं विचारलं. छावणीत रोज हजेरी होत होती, मग ही बाहेर राहिली कशी?

तात्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. हजेरी सकाळची होती, ते म्हणाले. ती उजाडता उजाडता कुंपणातून आत जायची, हजेरी द्यायची, आणि न्याहारीपर्यंत परत यायची. वडील तिला कुंपणापर्यंत सोडायला जायचे, कारण वाटेत कुत्री होती. कितीतरी हुशार म्हाताऱ्यांनी मेलबर्नपासून लंडनपर्यंत ज्याच्यावर डोकं खाजवलं होतं त्याचं उत्तर एवढंच होतं.

हंगाम संपता संपता तिची खरी आई बरी झाली आणि तिला घेऊन गेली. पुढे छावणी उठली. गाडी सुटायची त्या दिवशी काहील चुलाणावर होती, ती सोडून कुणाला जाता आलं नाही. आदल्या दिवशी येऊन ती सांगून गेली होती की पोचल्यावर कळवीन. कळवलं नाही. कसं कळवणार, आणि कुणाला. वडिलांचं नाव तिला ठाऊक नव्हतं, गावाचं नाव नुसतं कानावर होतं. ही माणसं निरवांगीला परतली. बारा वर्षं आईने वाट बघितली. मग एके दिवशी तिच्या स्वप्नात पोरगी आली, तशीच लहान, दारात उभी राहिली आणि जेवायला मागू लागली. आपल्याकडे स्वप्नात येऊन जेवायला मागतं ते कोण, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. त्या वर्षीपासून तिचं ताट सुरू झालं.

"तवापासनं एकबी साल चुकलं न्हाय," तात्या म्हणाले. त्यात समाधान होतं. कर्तव्य पार पाडलेल्या माणसाचं समाधान.

आणि आता ते मला मोडायचं होतं. माणूस गेल्याची बातमी कशी सांगायची याच्या आपल्याकडे रीती आहेत. गेलेलं माणूस जिवंत असल्याची बातमी सांगायची रीत नाही. शेवटी शाळेत निकाल सांगायचे तशी सांगून मोकळी झाले. यमुनाआक्का जिवंत आहेत, ऑस्ट्रेलियात असतात, त्यांनीच मला पाठवलंय.

शालनताईंच्या हातातली गवार तशीच राहिली. संपतराव बाहेरून आत आले. तात्यांनी विळा उचलून भिंतीला लावला, पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवला. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती.

"म्हंजी आमी जित्या माणसाला कावळ्याच्या तोंडी दिलं की," ते म्हणाले. "ताई, खरं सांगा. तिला काय तरास तर झाला न्हाय ना?"

मी खरं सांगितलं. नवरा गेला, पण वयाने गेला. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत.

"गुडघं आमचंबी गेल्यात," तात्या पुटपुटले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. आई तिच्या नावाने रडत गेली, असं ते म्हणाले. पोरगी काही तिकडे गेली नव्हती आणि आई मात्र तिला भेटायला म्हणून गेली. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

घरात चर्चा सुरू झाली. उद्याच्या ताटाचं काय करायचं? शेजारचे दोघे-तिघे पंगतीला बसल्यासारखे येऊन बसले. एकाचं मत, जिवंत माणसाचं श्राद्ध झालंय, शांत करावी लागेल. दुसऱ्याचं मत, समुद्रापलीकडच्या माणसाला आपलं काही लागत नाही. संपतरावांनी विचारलं की ती ख्रिश्चन आहे तर आपला कावळा तिच्यापर्यंत पोचतो का. शेवटी शालनताई बोलल्या. त्या गवार निवडतच बोलल्या.

"मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, आसं म्हंत्यात न्हवं? आपण तर दरसाल उठवली. म्हणून तर नव्वदीला टेकल्या त्या."

हे सगळ्यांना एकदम पटलं. तात्यांनाही निम्मं पटलं. उरलेलं निम्मं ते तिलाच विचारणार होते. मी एवाला निरोप पाठवला आणि त्या रात्री त्यांच्याकडेच राहिले, कारण जाते म्हटल्यावर कुणी ते ऐकलंच नाही.

निरवांगी, सर्वपित्री अमावस्या

सकाळी घरभर तळणाचा वास होता. खीर, वडे, भजी, आमटी, सगळं झालं. शालनताईंनी शेपू-बटाटा वेगळ्या पातेलीत केला. तात्या आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, फेटा बांधून बसले. निखाऱ्यावर तूप-गूळ घालून आगारी दिली. घरच्या पितरांची पानं पत्र्यावर गेली आणि कावळे वेळेवर आले. पुण्यात मी त्यांच्यासाठी तासन्‌तास गच्चीवर उभी राहिलेली आहे. यमुनाआक्काचं ताट मात्र झाकून आतच ठेवलं होतं. निकाल लागायचा होता.

दुपारी फोन लागला. पडद्यावर आधी एवा दिसली, मग एक मोठी खुर्ची आणि खुर्चीत छोट्याशा यानिनाबाई. तात्या आधी बघेचनात. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "आक्का, म्हातारी झालीस की गं." मी याचं इंग्रजी केलं. त्यावर त्या म्हणाल्या की तू तरी कुठे लहान राहिलास, आणि अजून तसाच बघतोस.

एवाने रीतसर प्रश्न विचारले. तिला ते विचारणं भाग होतं, मला त्याचा राग आला नाही. आई तुमच्या घरी राहिली होती का? किती दिवस? मग हजेरीचं काय? तात्यांनी सगळं सांगितलं, कुंपण, कुत्री, उवा, चिपाडं. हजेरी सकाळची होती हे मी भाषांतर केलं तेव्हा यानिनाबाई मुलीकडे वळून पोलिशमध्ये काहीतरी थोडकंच बोलल्या. एवाने पेन खाली ठेवलं. ती म्हणाली की तो भाग राहील, एक शब्दही निघणार नाही. मग तिने आईचा हात धरला आणि माफी मागितली. हे मी तात्यांना सांगितलं नाही. ते त्या दोघींचं होतं.

मग तात्यांनी आपला गुन्हा कबूल केला. 'श्राद्ध' या शब्दाचं इंग्रजी करायला मला बराच वेळ लागला आणि कावळा मध्ये आल्यावर आणखी. यानिनाबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तात्यांचा फेटा घामाने भिजला होता. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की एवाने पाणी दिलं. दरवर्षी का, असं त्यांनी विचारलं. दरवर्षी, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं केलंच आहे तर आता थोडक्यासाठी मोडू नका.

तात्यांनी मान हलवली. "न्हाय. तू हाईस तवर न्हाय. आज हे ताट माझ्या पानात पडंल, तुझ्या नावानं मी जेवीन. पर कावळ्याला न्हाय."

यानिनाबाईंना ते पटलं असावं. त्यांनी विचारलं, ताटात काय असतं?

शालनताईंनी झाकण काढून ताट आणलं. तात्यांनी ते एका हाताने फोनसमोर धरलं, इतकं जवळ की तिकडे नुसता बटाटाच दिसत असणार. यानिनाबाई पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, बघत राहिल्या. ध्वनिमुद्रणात त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की ती भाषा सगळी गेली, एक शब्द उरला नाही. आता त्या एकदम, नऊ वर्षांच्या पोरीच्या तक्रारीच्या सुरात, स्वच्छ मराठीत म्हणाल्या,

"तिखट नको."

एवा आईकडे बघत राहिली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. शालनताईंनी ताटाला खालून हात लावला.

"न्हाय घातलं, आक्का," तात्या म्हणाले. "कदीच घातलं न्हाय."